इन्फ्ल्युएंझा आणि बालरुग्ण : सातारा-सांगली परिसराच्या आरोग्येतिहासातील एक प्रकरण

१. प्रश्नाची मांडणी

इ. स. १९१८ च्या पावसाळ्याअखेर मुंबई इलाख्यात इन्फ्ल्युएंझाची जी साथ पसरली, तिला दख्खनच्या खेड्यांत ‘मानमोडी’ असे नाव पडले. रोग्याची मान व पाठ यांत असह्य वेदना होत, ताप चढे आणि पुष्कळांच्या बाबतीत तीन-चार दिवसांत छाती भरून येऊन अंत होई. या साथीसंबंधी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात मृतांची एकूण संख्या, सरकारी यंत्रणेची कुचराई आणि साथीचे राजकीय परिणाम या तीन बाबींचा ऊहापोह मुख्यत्वे आढळतो. आजारी पडलेल्या लहान मुलांचा विचार त्यात क्वचितच येतो.

प्रस्तुत लेखात सातारा व सांगली हा परिसर समोर ठेवून एकच प्रश्न विचारला आहे. तीव्र इन्फ्ल्युएंझाने पछाडलेल्या मुलावर या प्रदेशात कोणते उपचार होऊ शकत होते, आणि त्यांत पुढे कोणता फरक पडला? वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न वाटेल. परंतु १९१८ सालापुरता तो विचारू लागताच एक अडचण उभी राहते. रुग्णालयात दाखल झालेले मूल या प्रश्नात गृहीत धरलेले आहे, आणि त्या काळच्या सातारा जिल्ह्यात असे मूल हा अपवाद होता. तेव्हा उपचारांच्या इतिहासाआधी मूल ‘रुग्ण’ म्हणून केव्हा आणि कसे गणले जाऊ लागले, याचा इतिहास पाहणे भाग आहे. हे दोन इतिहास वस्तुतः एकच आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. प्रदेश

१९१८ मधील सातारा जिल्हा आजच्या जिल्ह्याहून बराच विस्तृत होता. वाळवे, खानापूर व तासगाव हे तालुके त्यात मोडत. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने त्याच्या सीमांवर व पोटात विखुरलेली होती. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा बनला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून १९१८ च्या संदर्भात या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करणेच सयुक्तिक ठरते.

या प्रदेशाच्या चार वैशिष्ट्यांचा साथीशी निकटचा संबंध आहे. पहिले वैशिष्ट्य मुंबईशी असलेल्या नात्याचे. पाटण, जावळी, माण, खटाव या भागांतील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत कामास होती आणि सणासुदीला, सुगीला किंवा आजारात ती गावी परतत. दुसरे वैशिष्ट्य सैन्यभरतीचे. पहिल्या महायुद्धात अपशिंग्यासारख्या गावांतून मोठ्या संख्येने तरुण पलटणीत गेले होते आणि बंदरे व छावण्या यांच्याशी या खेड्यांचा थेट संबंध जडला होता. तिसरे वैशिष्ट्य पुणे-मिरज लोहमार्गाचे. कोरेगाव, कराड, भिलवडी, मिरज अशा रांगेने जाणारा हा मार्ग त्या काळी मीटरगेज असला, तरी रोगाच्या प्रवासाला तो पुरेसा होता. टपाल व रेल्वे यांतील नोकरवर्गाचा रोगाच्या प्रसाराशी निकट संबंध असल्याचे हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या आपल्या प्राथमिक अहवालातच दाखवून दिले होते.

चौथे वैशिष्ट्य अधिक विचारणीय आहे. १८९६ नंतरच्या वीस वर्षांत प्लेगने ज्या जिल्ह्यांना वारंवार झोडपले, त्यांत सातारा अग्रभागी होता. या अनुभवातून लोकांनी स्वतःचा एक परिपाठ सिद्ध केला होता. उंदीर पडू लागले की गाव सोडावयाचे, माळावर झोपड्या घालावयाच्या आणि साथ ओसरल्यावर परतावयाचे. प्लेगच्या बाबतीत हा परिपाठ शास्त्रदृष्ट्याही योग्य होता, कारण रोग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरत असे. इन्फ्ल्युएंझाला मात्र असा कोणताही इशारा नव्हता. तो श्वासावाटे पसरे, एकाच आठवड्यात घरातील सर्व माणसांना अंथरुणास खिळवी, आणि माळावरच्या दाटीच्या झोपडीत तर त्याला अधिकच अनुकूल जागा मिळे. वीस वर्षांच्या यातनांतून मिळालेले शहाणपण या नव्या शत्रूपुढे कुचकामी ठरले. त्यातच १९१८ साली नैर्ऋत्य मोसमी पावसाने दगा दिला. माण, खटाव, खानापूर, जत या अवर्षणी पट्ट्यात धान्य महागले, वैरण संपली आणि साथ आली ती अर्धपोटी माणसांवर.

३. मोजणीची रीत

जून १९१८ मध्ये मुंबईस पहिली लाट आली. ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत रोग देशावर पसरला. मुंबई इलाख्यातील इन्फ्ल्युएंझाचे मृत्यू दहा लाखांच्या आसपास होते, असे अंदाज सांगतात.

‘अंदाज’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. खेड्यातील जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे असे. मृत्यूच्या कारणांसाठी महामारी, देवी, प्लेग, ताप, आमांश व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर, असे ठरावीक रकाने होते. इन्फ्ल्युएंझा त्यांत नव्हता. सबब त्याने मेलेली माणसे ‘ताप’ या रकान्यात आणि काही प्रमाणात ‘श्वसनाचे विकार’ या रकान्यात गेली. मागील वर्षांची सरासरी वजा करून उरलेला आकडा इन्फ्ल्युएंझाचा मानावा, ही रीत अधिकाऱ्यांनी अवलंबिली. परंतु साथीच्या ऐन भरात नोंद करणारा स्वतःच अंथरुणावर असे, क्वचित् मरणही पावे, आणि नोंदवही कोरी राही. संस्थानी मुलखात नोंदणीची व्यवस्था वेगळी व बहुधा अधिक शिथिल होती.

देशातील एकूण मृत्यूंच्या अंदाजांत जी तफावत दिसते, तिचे मूळ येथे आहे. व्हाइट यांनी प्रथम सुमारे साठ लाखांचा आकडा दिला. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालात तो सव्वा कोटीच्या घरात गेला. किंग्सली डेव्हिस यांनी १९५१ साली तो दोन कोटींच्या जवळपास नेला. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांनी एक कोटी सत्तर ते ऐंशी लाख असा अंदाज बांधला, तर २०१२ मधील एका संशोधनात तो सुमारे एक कोटी एकोणचाळीस लाखांवर आला. आकड्यांचा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. आजच्या भारताच्या भूप्रदेशापुरते पाहिले तर १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

४. मूल कोठे होते?

या मोजणीत लहान मूल कोठे सापडते? इतर साथींत मृत्यूचा भार लहान मुले व वृद्ध यांवर पडतो. १९१८ च्या साथीचे वेगळेपण असे की तिने वीस ते चाळीस या वयोगटाला विशेष लक्ष्य केले, आणि हिंदुस्थानात त्यातही स्त्रियांचे मृत्युमान पुरुषांपेक्षा अधिक होते. हे वेगळेपण इतके लक्षवेधी होते की अभ्यासकांची दृष्टी तरुणांच्या मृत्यूंवरच खिळून राहिली. त्यामुळे पाच वर्षांखालील मुलांचेही मृत्युमान जबर होते, ही बाब मागे पडली. मुलांचे मृत्यू एरवीही इतके होत की त्यात पडलेली भर डोळ्यांत भरली नाही.

परंतु तरुण स्त्रियांचे मृत्यू आणि मुलांचे मृत्यू या दोन स्वतंत्र बाबी मानता येत नाहीत. त्या काळी तापाने आजारी मूल रुग्णालयात नेण्याची प्रथा नव्हती. ताप हा घरी काढावयाचा आजार होता. सुंठीचा काढा, छातीला शेक, वेखंडाचा लेप, पेज आणि उबदार पांघरूण हे उपचार. आणि ते करणारी व्यक्ती म्हणजे आई, आजी किंवा थोरली बहीण. १९१८ च्या साथीने नेमका याच व्यवस्थेवर घाव घातला. आई स्वतः तापात असली की मुलाला पाणी पाजावयास कोणी उरत नसे. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई दगावली तर त्या मुलाचे मरण बहुधा ठरलेलेच असे. मग त्याच्या मृत्यूचे कारण काय म्हणावे? विषाणू, उपासमार की पोरकेपण? नोंदवहीतील ‘ताप’ या एका शब्दात ही तिन्ही कारणे लोपून जातात. शिवाय १९१९ साली जन्ममान लक्षणीय घटले. गर्भवती स्त्रियांना हा रोग विशेष घातक होता. जी मुले जन्मालाच आली नाहीत, त्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. दोन वर्षांनी जनगणनेत लहान वयोगटांत जी उणीव दिसली, तिच्यात या सर्व मुलांचा हिशेब एकत्र झाला आहे.

या परिसरात रुग्णालये अगदीच नव्हती असे नाही. साताऱ्यास सरकारी रुग्णालय होते आणि तालुक्यांच्या काही गावी दवाखाने होते. मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रात ख्यातनाम झाले होते. वानलेस यांना १९२८ साली ‘सर’ हा किताब मिळाला व १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु या रुग्णालयाची कीर्ती मुख्यतः शस्त्रक्रियेवर अधिष्ठित होती. मोतीबिंदू, मूतखडा, पोटातील गाठी यांसाठी लोक दुरून मिरजेस येत. साथीच्या तापाने फणफणलेले तीन वर्षांचे मूल बैलगाडीत घालून वीस कोस नेण्याची कल्पना कोणाच्या मनात येण्यासारखी नव्हती, आणि आली असती तरी गाडी हाकणारा गडी उठून बसण्याच्या स्थितीत नव्हता.

५. औषधाविना उपचार

समजा, एखादे मूल रुग्णालयापर्यंत पोहोचले असते, तर तेथे त्याला काय मिळाले असते? १९१८ च्या वैद्यकापाशी इन्फ्ल्युएंझावर गुणकारी औषध नव्हते. रोगाचे कारणच ठाऊक नव्हते. १८९२ साली फायफर यांनी वर्णिलेला जंतू हेच कारण, असा समज प्रचलित होता. त्या व अन्य जंतूंपासून लशी तयार करण्यात आल्या, हिंदुस्थानातही झाल्या. पण मूळ कारण विषाणू असल्याने त्यांचा मूळ रोगावर परिणाम होणे शक्य नव्हते. क्विनीन, ॲस्पिरिन, कापूरयुक्त तेलाची टोचणी, हृदयासाठी डिजिटॅलिस, थोडी ब्रँडी, एवढीच सामग्री जगभरच्या डॉक्टरांपाशी होती.

यावरून ‘उपचार नव्हतेच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा मुंबई शहराच्या आकड्यांत आहे. साथीच्या काळात मुंबईतील कनिष्ठ गणलेल्या जातींतील हिंदूंचे मृत्युमान दर हजारी ६१.६ होते, इतर हिंदूंचे १८.९, मुसलमानांचे १९.२, पारशांचे ९.० आणि युरोपियनांचे ८.३. युरोपियनांपाशी कोणतेही गुप्त औषध नव्हते. या समाजांची वयोरचना सारखी नव्हती, ही शंका येथे घेता येईल. तथापि युरोपियनांत तर ज्या वयाला रोग सर्वांत घातक होता त्या वयाची माणसेच अधिक होती. म्हणजे वयोरचनेमुळे त्यांचे मृत्युमान वाढावयास हवे होते. सातपटीहून अधिक असलेला हा फरक मग कशाने पडला? हवेशीर खोली, पोटात अन्न, वेळेवर पाणी, अंथरुणावर पडून राहण्याची मुभा आणि उशाशी बसणारे माणूस, यांच्या असण्या-नसण्याने.

शुश्रूषा हा शब्द आपण औषधाला पूरक अशा अर्थी वापरतो. १९१८ साली शुश्रूषा हाच उपचार होता आणि त्याचे वाटप समाजातील संपत्तीच्या व प्रतिष्ठेच्या वाटपाप्रमाणेच झाले होते. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी चाळींत औषधे व दूध पोहोचविण्याचे काम केले. देशावरच्या विखुरलेल्या खेड्यांना अशा संघटित साहाय्याचा आधार फारच थोडा मिळाला.

६. कारण कळल्यानंतर

पुढील पन्नास वर्षांत तीन गोष्टी बदलल्या. पहिली, रोगाचे कारण कळले. १९३१ साली रिचर्ड शोप यांनी डुकरांतील इन्फ्ल्युएंझाचा विषाणू दाखविला आणि १९३३ साली स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी तो मानवी रुग्णापासून वेगळा केला. दुसरी, जंतुजन्य न्यूमोनियावर औषधे आली. प्रथम सल्फा-औषधे आणि महायुद्धानंतर पेनिसिलिन. यांचा विषाणूवर परिणाम होत नाही. परंतु विषाणूने श्वसनमार्गाचे अस्तर खरवडून काढल्यावर न्यूमोकॉकससारखे जंतू फुफ्फुसात शिरतात, त्यांना ती रोखतात. २००८ मध्ये मोरेन्स, टाउबेनबर्गर व फाउची यांनी १९१८ मधील जपून ठेवलेल्या फुफ्फुस-नमुन्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा बहुतेक मृत्यू अशाच जंतुजन्य न्यूमोनियाने झाले असावेत, असे दिसून आले. याचा अर्थ असा की १९१८ च्या मृतांपैकी पुष्कळांना वाचविणारे औषध इन्फ्ल्युएंझाचे नसून न्यूमोनियाचे होते, आणि ते वीस-पंचवीस वर्षे उशिरा आले.

१९५७ ची ‘आशियाई’ साथ ही या बदलाची कसोटी होती. मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजाबरोबर ती देशात शिरली. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतील इन्फ्ल्युएंझा केंद्राचे आय. जी. के. मेनन यांनी तिचा जो वृत्तान्त दिला आहे, त्यानुसार फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशभरात सुमारे ४४.५ लाख रुग्ण व सुमारे १,१०० मृत्यू नोंदले गेले. नोंदीतील त्रुटी जमेस धरल्या तरी १९१८ शी याची तुलना होऊ शकत नाही. हा विषाणू मुळातच कमी घातक होता, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हते. प्रतिजैविके तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू लागली होती.

तिसरा बदल नकारात्मक स्वरूपाचा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डग्लस राय यांनी मुलांमधील एका घातक विकाराचे वर्णन केले. ताप उतरत असतानाच मूल ओकू लागते, शुद्ध हरपते, मेंदूला सूज येते व यकृत निकामी होते. इन्फ्ल्युएंझा किंवा कांजिण्यांत दिलेल्या ॲस्पिरिनशी त्याचा संबंध पुढे दिसून आला आणि १९८० नंतरच्या दशकात अमेरिका व ब्रिटन येथे मुलांना ॲस्पिरिन न देण्याविषयी इशारे निघाले. अर्धशतकापूर्वी जे औषध तापावरचा रामबाण म्हणून दिले जाई, तेच मुलांच्या बाबतीत वर्ज्य ठरले. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हा धडा यातून मिळाला.

७. मूल रुग्ण होते

हा धडा संस्थांच्या रूपाने आकारास येण्यास आपल्याकडे बराच काळ लागला. मुंबईत बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली उघडले. भारतीय बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६३ मध्ये स्थापन झाली. मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले आणि कृष्णाकाठच्या मुलासाठी बालरोगविभाग हाकेच्या अंतरावर आला. १९८४ मध्ये कराडास वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पाटणच्या खोऱ्यातील किंवा जतच्या माळावरील मुलाला मात्र तेव्हाही बरेच अंतर कापावे लागे.

अंतराचा हा प्रश्न सोडविण्याचा एक मार्ग महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, सापडला. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील अल्पशिक्षित कार्यकर्त्यांना व सुइणींना मुलांचे श्वास मोजण्यास व न्यूमोनियाच्या मुलास साधे प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या गावांत बालन्यूमोनियाचे मृत्युमान तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. या प्रयोगाचा मर्मभाग औषधात नसून मोजण्यात आहे. दोन महिन्यांखालील मूल मिनिटास साठ किंवा अधिक, एका वर्षाच्या आतील पन्नास किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतचे चाळीस किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया असल्याचे मानावे, एवढे साधे हे गणित आहे. १९१८ च्या नोंदवहीत मूल मेल्यानंतर मोजले गेले. येथे ते जिवंत असताना मोजले जाऊ लागले.

२००९ साली नव्या एच१एन१ विषाणूची साथ आली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्र पुन्हा अग्रभागी होता. देशातील पहिला नोंदलेला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातील एका शाळकरी मुलीचा होता. शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी रांगा लागल्या. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे निदानाचे मुख्य केंद्र होते. १९१८ शी तुलना करता एक मूलभूत फरक स्पष्ट होता. या वेळी प्रत्येक बालरुग्णाला नाव, वय, निदान आणि खाट होती.

रुग्णालयात दाखल झालेल्या मुलावर होणारे उपचार आज बव्हंशी निश्चित झाले आहेत. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बोटाला लावलेल्या यंत्राने मोजले जाते (या यंत्रामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले) आणि ते ९० टक्क्यांखाली असल्यास प्राणवायू देतात. ओसेल्टामिव्हिर हे विषाणुरोधक औषध प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता सुरू करावे, असा संकेत आहे. पहिल्या ४८ तासांत ते अधिक गुणकारी ठरते, तरी गंभीर रुग्णात उशीर झाला म्हणून ते टाळीत नाहीत. मात्रा वजनावर ठरते : एका वर्षाखालील मुलास दर किलोस ३ मिलिग्रॅम, त्यापुढील वयात १५ किलोपर्यंत ३०, २३ किलोपर्यंत ४५, ४० किलोपर्यंत ६० व त्यापुढे ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सामान्यतः पाच दिवस. जंतुसंसर्गाचा संशय असल्यास प्रतिजैविक, तापास पॅरासिटामॉल, शरीरातील पाण्याचा समतोल, आणि थकलेल्या छातीला यंत्राचा आधार, हे उर्वरित भाग. स्टिरॉइडे केवळ इन्फ्ल्युएंझासाठी देऊ नयेत, असे आजचे मत आहे.

या यादीकडे इतिहासकाराच्या दृष्टीने पाहिल्यास असे ध्यानात येते की तिच्यात विषाणुरोधक औषध हा एकच घटक केवळ इन्फ्ल्युएंझासाठीचा आहे. बाकीचे सारे, म्हणजे श्वास मोजणे, प्राणवायू, पाणी, निगराणी, हे शुश्रूषेचेच सुधारलेले व यंत्रबद्ध रूप आहे. १९१८ साली मुंबईतील मृत्युमानात सातपट फरक पाडणारे तत्त्वच येथे नव्या वेषात उभे आहे. आणि त्याच्या वाटपाचा जुना प्रश्नही सुटलेला नाही. न्यूमोकॉकसविरोधी लस राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने येऊन २०२१ मध्ये देशभर पोहोचली. इन्फ्ल्युएंझाची लस बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दरवर्षी देण्याची शिफारस करते. पण ती प्रायः ज्याला परवडते त्याच्याच मुलाला मिळते.

८. उपसंहार

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की या परिसरात तीव्र इन्फ्ल्युएंझाच्या उपचारांचा इतिहास केवळ औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिता येत नाही. मूल कोणाच्या दृष्टीस केव्हा पडले, त्याचा श्वास कोणी मोजला आणि ते खाटेपर्यंत किती वेळात पोहोचले, या क्रमानेच तो लिहावा लागेल. दुसरा असा की १९१८ च्या साथीत मुलांचे मृत्यू आणि मातांचे मृत्यू यांचा स्वतंत्र अभ्यास करणे हा पद्धतीचा दोष आहे. कुटुंब हे त्या काळचे रुग्णालय होते, आणि साथीने ते रुग्णालयच बंद पाडले.

दुसरा निष्कर्ष तपासून पाहण्याचे साधन आपल्या हाताशी आहे. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांस गाव नमुना चौदा किंवा बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात, तालुक्यांच्या अभिलेखकक्षांत आहेत. त्यांतील पुष्कळ पाने मोडी लिपीत आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी या वह्या राज्यभर बाहेर काढण्यात आल्या. मोडी वाचणारी माणसे बोलाविली गेली आणि हजारो पानांची छायाचित्रे घेण्यात आली. शोधणाऱ्यांची नजर जातीच्या रकान्यावर होती. त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यांत, मृताचे वय व मृत्यूचे कारण आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील एखादा तालुका घ्यावा, सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची पाने काढावीत आणि एकाच घरातील आई व मूल यांच्या मृत्यूंमध्ये किती दिवसांचे अंतर आहे, एवढेच मोजावे. या कामास मोठ्या अनुदानाची गरज नाही. मोडीचे ज्ञान, चिकाटी आणि गावची माहिती एवढे भांडवल पुरेसे आहे. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण याच तालुक्यांतून येतात. त्यांच्या पणजोबांच्या भावंडांची नावे त्या पानांवर ‘ताप’ या शब्दासमोर लिहिलेली असण्याचा पुष्कळच संभव आहे. ती मुले रुग्ण म्हणून कधीच गणली गेली नाहीत. निदान इतिहासाचा विषय म्हणून तरी त्यांची गणना व्हावी.